बकरी ‘हजर’ म्हणाली का?

आमच्या जिल्ह्यातली मुलं पुस्तकं वाचत नाहीत, ही गंभीर बाब अमरावतीच्या एका सभेत उघडकीस आली. वक्ते बोलत होते आणि श्रोते मोबाइल पाहत होते. भाषण आटोपलं की वक्तेही खुर्चीत बसून तेच करत होते. मुलांची ही अवस्था ऐकून सगळ्यांना फार वाईट वाटलं आणि तिथल्या तिथं ‘बाल व कुमार नवग्रंथ शिफारस समिती’ स्थापन झाली. मी तिचा सदस्य-सचिव. समितीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, हे नम्रपणे नमूद करतो.

अध्यक्षपदी वामनराव आले. ते निवृत्त शिक्षणाधिकारी. माधवी मॅडम एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या. पंजाबरावांचं धामणगाव रेल्वे या गावी कापसाचं जिनिंग आहे. ते सगळ्याच समित्यांवर असतात, तेव्हा याच एका समितीवर अन्याय कशाला, म्हणून त्यांनाही घेतलं.

नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले. पंजाबरावांनी कापसाचा धागा पाहतात तसं एकेक पान चिमटीत धरून ओढून पाहिलं आणि माल चांगला असल्याचं सांगितलं. मॅडमनी मुखपृष्ठावरच्या मुलांचे गणवेश तपासले. आता शिफारस करून चहा घ्यायचा, एवढंच उरलं होतं. पण नियमावलीत कुण्या उत्साही माणसानं ‘संपूर्ण वाचून’ असे शब्द घालून ठेवले होते.

“आपून तं आपल्या टायमाले वाचून मोकये झालो,” वामनराव म्हणाले. “आता या वयात पोट्ट्याईचे पुस्तकं वाचत बसलो तं लोकं काय म्हनतीन?”

अशीच समिती अकोल्यातही आहे. वाचनाचं तुम्ही काय केलंत, अशी फोनवर चौकशी केली, तर त्यांनी तोच प्रश्न आम्हाला विचारला. मग दोन्ही बाजूंनी पाऊसपाण्याची विचारपूस करून फोन ठेवण्यात आले.

शेवटी ‘वाचक बालक’ असं एक पद निर्माण केलं. त्यावर वामनरावांची नात आकांक्षा हिची एकमतानं निवड झाली. पोरगी आठवीत होती आणि अध्यक्षांच्या घरातली असल्यानं तिचा प्रवासभत्ता त्याच घरात राहणार होता.

पुढच्या रविवारी तिला कोपऱ्यात खुर्ची दिली. पहिलं पुस्तक चांगल्या सवयींवर होतं. थोडं वाचून ती पंख्याकडे पाहत बसली. मी नोंद केली: ‘बालक शांत. शिफारस.’ दुसरं संस्कारांवर होतं. ते उघडताच तिचा डोळा लागला. ‘बालक अतिशांत. विशेष शिफारस.’ काम झपाट्यानं चाललं होतं. आणि तिसऱ्या पुस्तकाला ती हसली.

चांगली खळखळून हसली. त्या खोलीत इतिवृत्तं वाचली जातात, त्यामुळे असा आवाज तिथं पूर्वी कुणी ऐकला नव्हता.

“काहून हासून राहिली वं?” वामनरावांनी विचारलं.

“आबाजी, यातली शाळा बंद पडून राहिली, पोट्टे कमी हायेत म्हनून. तं हेडमास्तरनं पटावर बकरीचं नाव घालून देल्लं! चंद्रकला! आन् आता साहेब आला तपासाले!”

कुणीच हसलं नाही. “असं कुठं होत नसतं,” माधवी मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळानं कुणी विचारलं नसताना त्या पुन्हा तेच म्हणाल्या.

तेवढ्यात गरम गिला वडा आला. पोरीच्या नाकाखाली बशी ठेवली, तरी ती मान वर करीना. गिला वड्यापुढं माणूस मान वर करत नसेल, तर अमरावतीत ते लक्षण बरं समजत नाहीत. पानावरची नजर न हलवता तिनं विचारलं, “आबाजी, तुमी शाळा तपासाले जात होते तवा तुमाले अशी बकरी भेटली होती का?”

वामनरावांनी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं.

“थांबा ना आबाजी! साहेब हजेरी घेऊन राहिला! आता चंद्रकलेचंच नाव हाय!”

मी कपाट उघडलं, पुस्तक आत ठेवलं आणि किल्ली फिरवली.

त्यानंतर सखोल चर्चा होऊन निकष ठरला: चांगलं पुस्तक तेच, जे वाचल्यावर मूल पूर्वी होतं तसंच राहतं. या निकषावर बकरीचं पुस्तक नापास होत होतं. पण नापास करायलाही ते ‘संपूर्ण वाचून’च करायला हवं. पोरीवर परिणाम झालेला, म्हणून तिला वाचू देता येत नव्हतं. आणि सदस्यांवर परिणाम होण्याचा संभव नसला, तरी ते वाचणार नव्हते. सबब पुस्तक ‘विचाराधीन’ ठेवण्यात आलं.

आकांक्षानं अर्धी गोष्ट वर्गात सांगितली. उरलेली अर्धी वर्गानं आपापल्या परीनं लावली. कुणी म्हणे बकरी गप्प राहिली, कुणी म्हणे तिनं हजेरीपटच खाल्ला. एका सकाळी माधवी मॅडमच्याच शाळेत हजेरी सुरू झाली आणि अख्ख्या आठवीनं एकामागून एक “बेंऽऽ” अशी हजेरी दिली.

मॅडम धावतच समितीत आल्या. “एका पुस्तकानं हे केलंय! आणि तेही न वाचता!”

तातडीच्या बैठकीत ठराव झाला की नवी पुस्तकं जुनी होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवावीत. जुनी झाली की ती आमच्या कक्षेत येत नाहीत. तरी कशाची तरी शिफारस करणं भाग होतंच. तो पेच पंजाबरावांनी सोडवला.

“आपला अहवालच छापून टाका ना राजेहो. नवा हाय, पुस्तक हाय, आन् पोट्ट्याईसाठीच हाय.”

अहवाल गुळगुळीत कागदावर छापला, आमच्या रंगीत फोटोंसह. आकांक्षाच्या हातात दिला. तिनं आबाजींचा फोटो पाहिला, काही न विचारता अहवाल मिटला. इतका समाधानकारक निकाल आम्हाला एकाही पुस्तकात मिळाला नव्हता. आम्ही तो शाळाशाळांत पाठवला. अकोलेकरांनी आमच्या अहवालाची शिफारस केली, आम्ही त्यांच्या.

नंतर एकदा संध्याकाळी पोरगी एकटीच कार्यालयाच्या दारात आली.

“काका, फकत शेवटचे पानं द्या. घरी नाही नेत. इथंच उभ्या उभ्या वाचीन.”

विषय समितीपुढे आहे, असं मी सांगितलं. ती माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहत उभी राहिली. खरं सांगतो, मला त्या वेळी फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेणं सचिवाच्या अधिकारात येत नाही. ती गेल्यावर मी कपाट ओढून पाहिलं. नीट बंद होतं.

पुढं तिनं विचारणंच सोडलं. वामनरावांनी तिला मोबाइल घेऊन दिला. आता रविवारी ती त्याच कोपऱ्यात बसते, गिला वडा न सांगता उचलते, हसत नाही, काही विचारत नाही. “सुदरली पोरगी,” म्हणत वामनरावांनी तिच्या बशीत आणखी एक वडा ठेवला. मी नोंद केली: ‘बालक पूर्ववत.’

ही हकीगत ऐकलेले अनेक सुजाण पालक मला भेटतात आणि हळूच विचारतात, “मंग बकरी हजर म्हनली का? थोडक्यात सांगा.” किल्ली माझ्या खिशात असते, कपाट पाठीशी असतं. पण ‘ते पुस्तक काढा, पोरीले वाचू द्या’ असं अजून एकानंही म्हटलेलं नाही. तुम्हीही इथवर आलात ते बकरीसाठीच ना? मग संकोच करू नका. यंदा समितीचा विस्तार होतो आहे. वाचनाची अट नाही.