समोरच्या पाळण्यात मुरलीभाऊ

लग्नाची पत्रिका हातात आली की माणसं मुहूर्त पाहतात, जेवण कुठं ते पाहतात, फार तर खालच्या बारीक अक्षरांत आपलं नाव छापलंय का ते शोधतात. आमचे मुरलीभाऊ यातलं काही पाहत नाहीत. ते सरळ मुलीच्या बापाला फोन लावतात.

"अभिनंदन जी! येतो ना, येतो. पण एक सांगा, खुर्च्या हातवाल्या हायेत का बिनहाताच्या?"

मुलीचा बाप आधीच कामानं बेजार. तो म्हणतो, सोफे आहेत ना भाऊ, चांगले लाल मखमलीचे.

"सोफे नवरदेवाले. माह्यं सांगा."

मुरलीभाऊ म्हणजे उभा-आडवा सारखाच माणूस. लाखनीत हायवेला लागून त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आणि त्याला खेटून माझं स्टेशनरीचं. मधे एकच भिंत. ते तिकडे हसले की इकडे माझे पेनांचे डबे हलतात. मी अंगानं बारीक, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं बारसं उरकलं. "काडी!" माझं वय, गिऱ्हाइकांपुढची माझी इज्जत, कशाकशाचा विचार केला नाही. आता शाळेतली पोरंसुद्धा 'काडीभाऊचं दुकान' म्हणतात. मी रागावून पाहिलं, उपयोग झाला नाही, तेव्हा रागावणंच सोडलं.

त्यांचं बसणं हा पाहण्यासारखा कार्यक्रम असतो. मांडवात गेले की आधी एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतात, तिच्यात दुसरी बसवतात, वरून तळहातानं दाबतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खुर्चीलाच विचारतात, "काय म्हंतं माय, झेपते का?" मग हळूच टेकतात. खुर्ची करकरली की आजूबाजूचे हसायच्या आत स्वतःच हसतात. आणि कोणी म्हणालं, कशाला एवढा खटाटोप, तर उत्तर ठरलेलं: "बसल्याबिगर समजत नाही."

हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी वापरलं आहे की लाखनीत नवीन दुकान उघडलं की पूजेआधी मुरलीभाऊंची बैठक होते, असं लोक गमतीनं म्हणतात. चहाच्या हॉटेलात बसले, अडकले, खुर्चीसकट उठले. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं आपणहून दोन खुर्च्यांचे हात कापून टाकले. मंगल कार्यालयाच्या मालकाच्या इतके मागे लागले की त्यानं वैतागून सागाचा एक लांबरुंद बाक करून घेतला. आज त्या बाकावर जागा मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या, पोटुशी बाया, लेकराला मांडीवर घेतलेल्या आया, सगळ्या आधी तिकडे धावतात. मुरलीभाऊ कोपऱ्यातल्या आपल्या जोडखुर्चीवरून ते पाहतात आणि मला कोपर मारतात. "पाह्य काडी, पाह्य. लोकाइले जागाच पायजे होती, सांगत कोणी नोयतं."

इथवर ठीक होतं. पण एक दिवस माझी बायको पदर तोंडाला लावून हसत घरी आली. गावात नवीन ब्यूटी पार्लर उघडलं होतं. तिथं भुवया करायला ही गेली, तर आत आरशासमोरच्या खुर्चीत मुरलीभाऊ! पार्लरवाली भिंतीला टेकून उभी, आणि हे खुर्चीचं हँडल ओढून वर-खाली, वर-खाली.

मी दुपारी गाठलंच त्यांना. "काय हो, बायकांच्या पार्लरात तुमचं काय काम?"

"बसल्याबिगर समजत नाही," ते म्हणाले आणि युरियाची पोती मोजायला लागले. हसले नाहीत. हे जरा नवीन होतं.

आता त्यांच्या लेकीबद्दल सांगायला हवं. सुषमा त्यांची एकुलती एक. बांधा बापाचा, हसणं बापाचं, आणि डोकं मात्र आईचं, असं मुरलीभाऊ स्वतः सांगतात. एमएस्सी झालेली. घरीच गणिताच्या शिकवण्या घेते. माझी धाकटी तिच्याकडे जाते आणि गणिताचा तास संपवून चक्क हसत परत येते, यातच काय ते आलं. पण ही सुषमा कधी रस्त्यावर दिसायची नाही. लग्नाला नाही, बारशाला नाही, मंडईच्या जत्रेला तर नाहीच नाही. लोक म्हणायचे, शिकली म्हणून शिष्ट झाली. मीही म्हणायचो कधीकधी.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास भिंतीपलीकडून फोन ऐकू आला. नागपूरकडे एक मोठं पार्क आहे, पाण्याचं, झुल्यांचं. मुरलीभाऊ तिथल्या कोणाला तरी धरून बसले होते.

"भैया, बेल्ट कितना लंबा है? ... सबको आता है मतलब? सबको मतलब कोणाले? ... वजन नहीं पूछ रहा मैं, कमर पूछ रहा हूँ! ... अच्छा, ते वरून जे लोखंडी येते, ते पोटावर टेकते का मांडीवर? ... हो हो, वेटपे हूँ."

फोन ठेवून ते माझ्या काउंटरपुढे येऊन उभे राहिले. "काडी, रविवारी दुकान बंद ठेव. पार्कात जाऊ."

"मी कशाला?"

"दोन सीटचा झुला असते. तू अर्ध्या सीटचा माणूस हायेस. उरलेली माही."

तिकीट तेच काढणार होते, म्हणून मी अपमान गिळला.

पार्कात पहिल्याच मोठ्या झुल्यावर फजिती झाली. बसलो, वरून लोखंडी दांडा आला, माझ्या मांडीपासून वीतभर लांब आणि मुरलीभाऊंच्या पोटावर घट्ट. तिथला माणूस दाबतोय, मुरलीभाऊ श्वास कोंडून धरतायत, पण तो 'खट्' आवाज काही येईना. "सर, लॉक नहीं हो रहा." मागं रांगेत खुसखुस सुरू झाली. एकानं मोबाईल वर धरला. माझे कान तापले. वाटलं, जमीन दुभंगावी.

मुरलीभाऊ आरामात उठले. रांगेकडे तोंड करून हात जोडले. "पाहून घ्या जी! ज्याइचं पोट माह्यासारखं असन त्याइनं इथं तासभर उभं नोका राहू. तुमचा टाइम वाचवला, चहा पाजा!" रांग मोकळेपणानं हसली. आणि त्या हसण्याच्या आडून रांगेतली एक भारदस्त बाई नवऱ्याचा हात धरून हळूच बाहेर निघाली. तिच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. मुरलीभाऊंचं मात्र होतं. तिनं मान हलवली, यांनीही हलवली.

मग पार्कच्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसले. म्हणजे खुर्चीला हात होते म्हणून उभेच राहिले. "साहेब, एक काम करा. दरवाज्यापाशी आडोशाले अशीच एक सीट ठेवा, दांड्यासकट. माणूस चुपचाप बसून पाहन. जमलं तर रांगेत, नाई जमलं तर दुसरीकडं. पण चारचौघात चढवून उतरवू नोका जी. लय लागते ते."

साहेब म्हणाला, वर कळवतो. तो चांगला माणूस वाटला. पुढं काय झालं मला ठाऊक नाही.

शेवटी एका मोठ्या होडीच्या झुल्यात काम जमलं. तिच्या मागच्या रांगेत मधे आडकाठी नव्हती, सलग बाक होता. दांडा 'खट्' बोलला तसे मुरलीभाऊ लग्न जमल्यासारखे खुश झाले. होडी हलली. एक हेलकावा, दोन हेलकावे, आणि ती वर जायला लागली तसा माझा हात कोणीतरी पक्कडीत धरला. पाहतो तर मुरलीभाऊ डोळे गच्च मिटून थरथर कापतायत. ओठ पुटपुटतायत. एवढा मोठा माणूस, आणि कपाळावरून घामाच्या धारा.

खाली उतरल्यावर त्यांना बाकावर बसवलं, पाणी पाजलं. "अहो, उंचीचं एवढं भेव वाटते तर मरायला आलात काहून?"

त्यांनी रुमालानं मान पुसली. मग सांगितलं.

मुरलीभाऊंचं गाव कोंढा. दिवाळीनंतर तिथं मंडई भरते. आमच्या भागात दिवाळीपेक्षा मंडईलाच पाहुणे जास्त. लेकीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक असतं आणि दुपारपासून आकाशझुला फिरतो. सुषमा कॉलेजात होती तेव्हा मैत्रिणींना घेऊन त्या झुल्याकडे गेली. मैत्रिणी जोडीजोडीनं बसल्या, ही एका पाळण्यात एकटी उरली. तिच्या समोरचा पाळणा रिकामा. असल्या झुल्याचं तंत्र असं की समोरासमोरच्या पाळण्यांत सारखं वजन लागतं, नाहीतर एक बाजू लचकते आणि मोटर कण्हते.

"झुलेवाला माह्याकडं पाहून म्हणे, काका, तुमी समोर बसा, बरोबर होते. मी चार हातावर उभा होतो काडी. हातात तिच्या चपला होत्या. अन् मी नाई म्हटलं. भेलो ना मी! शिडीवर चढलो तरी पाय लटपटतेत माहे. मग त्यानं माइकवर सांगितलं, गुलाबी ड्रेसवाली ताई, उतरा, झुला एका बाजूले जाऊन राहिला. सारी मंडई हासली. पोट्टी उतरली अन् माह्या हातातून चपला घेतल्या. तवापासून ती कुठंच बसाले जात नाई."

पार्लरातली खुर्ची मला एकदम आठवली. त्या हॉटेलच्या कापलेल्या हातांच्या खुर्च्या, तो सागाचा बाक. हा माणूस स्वतःसाठी जागा शोधत नव्हता. आणि आम्ही सगळे, आमची बायको धरून, वर्षानुवर्षं हसत होतो.

"वजन तिचं नोयतं चुकलं," मुरलीभाऊ म्हणाले. "समोरचा पाळणा रिकामा होता. आता भेव मोडाचं हाये. बसल्याबिगर ते बी मोडत नाई." आणि उठून पुन्हा होडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी दुसऱ्यांदा गेलो नाही. माझा हात अजून दुखत होता.

दिवाळी झाली. मंडईच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सुषमा वह्या तपासत बसली होती.

"सुषे, चाल कोंढ्याले," मुरलीभाऊ म्हणाले.

"बाबा, नोका ना. लोक हासतीन."

"हासू दे ना. आधी माह्यावर हासतीन, तुह्यापर्यंत येईस्तोवर थकून जातीन. मी बसतो समोरच्या पाळण्यात."

सुषमानं पेन खाली ठेवला. "तुमी? झुल्यात? तुमी माळ्यावरचा डबा काढाले शेजारच्याले बोलावता!"

"बसतो म्हंतो ना."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग उठली आणि ओढणी शोधू लागली. "थांबा. हे तं मले पाहाच लागन."

दुपारी कोंढ्याच्या मंडईत आम्ही झुल्यापाशी उभे. झुलेवाला दुसराच होता, तरुण. मुरलीभाऊंनी आधी खालचा पाळणा हातानं दाबला, मग आत बसले, उठले, पुन्हा बसले. "रुंद हाये. सुषे, ये." ती बसली. बाजूच्या दोन बाया कुजबुजल्या. तिनं ऐकलं. दांडी घट्ट धरली आणि खाली पाहत राहिली. उतरते की काय, मला धाकधूक.

झुलेवाल्यानं चाक हळूच अर्धं फिरवलं आणि ओरडला, "समोर भारी माणूस पायजे!"

"हा काय," मुरलीभाऊ म्हणाले. "आहो ना मी."

चपला काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या. सुषमाच्या आधीच माझ्याकडे होत्या. आत बसले, दांडी लावली, डोळे मिटले. चाक फिरायला लागलं. अगदी सरळ, कण्हणं नाही, लचकणं नाही. बाप खाली असला की लेक वर, लेक खाली आली की बाप वर. वर गेले की मुरलीभाऊंचा रामनामाचा गजर अख्ख्या मंडईला ऐकू यायचा. लोक हसत होते, अगदी पोट धरून, आणि सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. सुषमाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. ती केस उडवत, मान वळवून, घसा ताणून ओरडत होती, "बाबा, डोळे उघडा! तलाव दिसते! धान दिसते!"

फेरी संपली. सुषमाचा पाळणा खाली येऊन थांबला. म्हणजे मुरलीभाऊ बरोबर टोकावर.

"ताई, उतरा," झुलेवाला म्हणाला.

तेच दोन शब्द. पण सुषमा हलली नाही. चेहरा लाल झाला होता, आणि ती त्याच्याकडे पाहून हसत होती. "भैया, अजून एक घे ना."

झुलेवाल्यानं वर पाहिलं. "काका! ताई अजून एक म्हंते! का तुमाले उतरवू?"

पाळणा नुसता हलत होता. दांडीवर त्यांच्या मुठी दिसत होत्या, पांढऱ्या पडलेल्या. ह्या माणसाला त्या क्षणी जगात एकच गोष्ट हवी होती, जमीन, हे मला खालून दिसत होतं.

मग आवाज आला. चिरका, कापरा, पण मुरलीभाऊंचाच.

"फिरव बे! ती म्हनन तोवर फिरव!"

चाक फिरलं. मी खाली उभा, दोन हातांत बापलेकीच्या चपला. त्यांचा पाळणा माझ्या डोळ्यांसमोरून खाली गेला तेव्हा मी नीट पाहिलं. मुरलीभाऊंचे डोळे उघडे होते. ते तलाव पाहत नव्हते, धान पाहत नव्हते. मान मागे टाकून समोरच्या पाळण्याकडे पाहत होते.