वाकड्या पेरूंची अब्रू

टेबलावरची टोपली बघून जेलीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोपलीत एकजात गोल, पिवळेधमक, पुसून लख्ख केलेले पेरू!

"दादा, माझे वाकडे पेरू कुठायत?"

"घातले शेळ्यांना," थोरला भाऊ म्हणाला. "पाहुण्यांपुढे माझ्या बागेचं असलं ध्यान मांडतेस? जनाची नाही, मनाची तरी ठेव!"

"अरे, ती बाई ध्यानच बघायला येतेय!"

गारांनी डागाळलेले, वेडेवाकडे पेरू बाजारात कुणी घेत नाही. जेलीवाली त्यांचीच जेली करायची. शहरातली एक दुकानवाली ती वर्षभर घ्यायला तयार होती. अट एकच, फळ खरोखर टाकाऊ हवं. तिच्या गिऱ्हाइकांना त्याचंच कौतुक. ही मागणी गेली, की जेलीच्या शेगड्याही विझल्याच. दादाला हे दहादा सांगून झालं होतं. पण अभिमानाला कान नसतात.

तेवढ्यात दुकानवाली दारात! तिने एक पेरू हातात फिरवला. "यात वाईट काय आहे?"

"काहीच नाही!" दादाची छाती फुगली. "एक डाग शोधून दाखवा!"

"दादा, गप! बाई, आमची फळं वाईटच आहेत हो. अगदी शपथेवर वाईट!"

"कोण म्हणतं वाईट?" दादा उसळला.

जेलीवाली गोठ्याकडे धावली. तिने वेचून ठेवलेल्यांतला शेवटचा वाकडा पेरू शेळीच्या तोंडात होता. शेळी सोडेना, ही हटेना. अखेर अर्धा पेरू मिरवत ती धापा टाकत परतली.

दुकानवालीने नाक मुरडलं. "हा गारेचा मार की शेळीचा दात? चांगली फळं टाकाऊ म्हणून खपवायची? लबाडी आहे ही!"

जेलीवाली तोंड उघडणार, तोच दादा कडाडला.

"लबाड? माझी बहीण? चला बागेत!" तो तरातरा पुढे निघाला आणि एकेक फांदी वाकवून दाखवू लागला. "हे बघा कुबडं! हे चेपलेलं! याला तर पेरू म्हणायचीही लाज वाटते! निम्मी बाग अशीच आहे. ती टोपली भरायला सकाळपासून झाडं पालथी घातली मी. आता म्हणा लबाड!"

"अप्रतिम!" दुकानवाली हरखली. "मागणी पक्की. पुढच्या वर्षीही अशीच फळं मिळतील ना?"

"पुढच्या वर्षी?" दादाच्या मिशा थरथरल्या. "पुढच्या वर्षी माझी बाग बघाच तुम्ही..."

जेलीवालीने त्याच्या पायावर पाय दिला.

दादाच्या मिशा खाली आल्या. "याहून वाकडी फळं येतील, बाई. शब्द देतो."