गुणवंतरावांचा हिरवा

आमच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या गुणवंतरावांना पिक्चरची गोष्ट विचारायची सोय नव्हती. "हिरो शेवटी वाचला का जी?" असं कुणी विचारलं, की ते उखडत. "हिरोचं काय घेऊन बसला भाऊ? डायरेक्टरनं रंग कसा वापरला थे इचार!"

रंगीत पिक्चर तेव्हा नवलाईचे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, जिकडेतिकडे मुरूम आणि सिमेंटची धूळ. रंग बघायला आम्ही गाडीनं दुर्गला जायचो. थिएटरात गुणवंतराव मला समजावत, "डायरेक्टर तोंडानं बोलत नाई. दुःख आलं का निळं, भांडण आलं का लाल. आता पाह्य, गाणं खुशीचं हाय. म्हणजे बाईनं हिरवं नेसलं!"

बाईनं तर लालभडक नेसलेलं असे.

मी डोळे चोळायचो. मागचे लोक हसायचे. पण गुणवंतराव इतक्या खात्रीनं बोलत, की मला माझाच संशय येई. शेवटी मी गुपचूप डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग तर डोकं आणखीच चक्रावलं.

पुढे त्यांची मुलगी शांता सातव्या महिन्यात माहेरी आली. तिची आई वारलेली. डोहाळजेवणाला माहेरची हिरवी साडी हवी, आणि त्या कामाला गुणवंतराव शेजारणींना हातही लावू देईनात. "तिच्या मायनं पसंत केली असती, आता मी करीन."

आदल्या दिवशी सकाळीच ते माझ्याकडे आले. दार लोटून पुडकं सोडलं. "भाऊ, खरं सांग. हिरवीच हाय ना?"

साडी विटकरी लाल होती.

माझं तोंड बघूनच ते मटकन खाली बसले. "मले लाल अन् हिरवं सारखंच दिसते. सिग्नल ओळखू येत नाई म्हणून तर रेल्वेनं लाइनवरून काढून पार्सल ऑफिसात बसवलं. पिक्चरमंदी शांतेची माय कानात रंग सांगे. थे गेल्यावर मनलं, डायरेक्टर कोन्त्या वक्ताले कोन्ता रंग देते, थे शिकून घेऊ. अंदाजानं तरी समजन."

"मंग दुकानदाराले इचारायचं ना जी!"

"पोरीच्या साडीचा रंग बापानं परक्याले इचारावा?"

ज्या माणसाला मी चक्रम समजत होतो, त्याचं पुडकं मी पुन्हा बांधलं. आम्ही लगेच जाऊन साडी बदलून आणली.

दुसऱ्या दिवशी शांता फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. बायकांनी ओटी भरली आणि ती एकदम हुंदके द्यायला लागली. गुणवंतराव पांढरेफटक पडले. माझा हात धरून कुजबुजले, "रंग चुकला का भाऊ?"

"नाई जी. हिरवीगार हाय."

"मंग रडून कावून राहिली?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग एवढ्या बायकांतून वाट काढत पाटाजवळ जाऊन बसले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मलेही तुझी माय आठवून राहिली, बेटा."