बिनडावाची लपाछपी

एका जंगलात शके एकोणीसशे चाळीसच्या पौष महिन्यात, ऐन थंडीत, शाळेतल्या पोरांना सुख शिकवायचं ठरलं.

तोवर सुख कुणी शिकवत नव्हतं, मुलांनो. दुपारच्या सुट्टीत ते आपोआप व्हायचं. पण आपोआप होणाऱ्या गोष्टीला गुण देता येत नाहीत.

म्हणून शाळेतल्या टिटवीबाईंना शेजारच्या जंगलात प्रशिक्षणाला पाठवलं. टिटवी तुम्हाला माहीत आहे. पान हललं तरी ओरडत सुटते. तिला पोरांना शांत राहायला शिकवायचं काम दिलं. जंगलाचा कारभार असाच चालतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. हसलात तरी चालेल.

बाई परत आल्या त्या ओरडतच. “शांत व्हा! सगळ्यांनी ताबडतोब शांत व्हा!”

पोरं घाबरून झाडावर चढली. ज्यांना झाडावर चढता येत नव्हतं, तीसुद्धा चढली.

मग तास सुरू झाले. श्वासाच्या तासाला डुकराची पोरं घोरली. मिठीच्या तासाला सगळ्या वर्गाने टोचीला मिठी मारली. टोची म्हणजे साळिंदराची मुलगी. पुढे आठवडाभर वर्ग एकमेकांच्या अंगातले काटे उपटत बसला. बाईंनी वहीत लिहिलं, ‘मुले एकमेकांची काळजी घेऊ लागली आहेत.’ आनंदाच्या परीक्षेत हश्या पहिला आला. तरसाचं पोर ते. भ्यालं की हसतं. परीक्षेला फार भ्यालं होतं.

या शाळेत गोटू नावाचं खवल्या मांजराचं पोर होतं. अंगभर खवले, लांब नाक, चाल बैलगाडीची. भीती वाटली की ते अंगाचा चेंडू करायचं आणि कुणी बोललं तरी उलगडायचं नाही.

एके दिवशी सुट्टीत लपाछपी रंगली. गोटू पहिला सापडला. म्हणजे पुढचा डाव त्याच्यावर. त्याने भोज्याकडे, म्हणजे मोहाच्या झाडाकडे पाहिलं. तिथे डोळे मिटून आकडे म्हणायचे. मग आपल्या या चालीने सगळ्यांना शोधत हिंडायचं. पोरं हसून हसून लोळतील.

“आई हाक मारतेय,” तो म्हणाला आणि घरी निघून गेला.

आईने हाक मारली नव्हती.

डाव बुडवून पळणं म्हणजे काय, ते तुम्हाला समजावायला नको. गोटूलाही नको होतं. त्या दिवशी त्याला मुंग्या गोड लागल्या नाहीत. सकाळी तो आकडे घोकतच शाळेत आला. भोज्यापाशी पोरं उभीच होती.

“आला, डावबुडव्या आला!” झिपरी म्हणाली. झिपरी म्हणजे खार. शेपटी लांब, जीभ त्याहून लांब.

“अगं, आईने खरंच...”

“तुझी आई काल वारुळात तोंड खुपसून बसली होती. मी फांदीवरून बघत होते. तोंडभर मुंग्या असताना तिने हाक मारली कशी रे?”

गोटूने मान खाली घातली.

“डाव फेड, मग खेळ,” झिपरी म्हणाली. “नाहीतर कच्चं लिंबू हो. टोचीच्या धाकट्या भावासारखा.”

कच्च्या लिंबावर डाव येत नाही. पण त्याला खेळात कुणी मोजतही नाही. ते लपलं काय आणि सापडलं काय, सगळं सारखंच. गोटूला ते झोंबलं.

“मी फेडायलाच आलोय,” तो म्हणाला. त्याने मोहाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “एक.”

तेवढ्यात टिटवीबाई आल्या.

“थांबा! या बाळाला एकटं कुणी पाडलं?”

“त्याच्यावर डाव आहे, बाई,” टोची म्हणाली.

“म्हणजे एकटा जीव झाडाशी तोंड करून उभा, आणि बाकीचे सगळे पसार? असं रोज चालतं?”

“आळीपाळीने चालतं, बाई.”

बाईंनी पंख फडफडवले. “आळीपाळीने? म्हणजे यातून एकही मूल सुटलेलं नाही!”

त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक म्हणजे गवेगुरुजी. ते दिवसभर रवंथ करत. रवंथ करताना त्यांची मान हलायची. तिला बाई मंजुरी म्हणत.

मंजुरी मिळाली. बाई परत आल्या.

“आजपासून डाव कुणावरही नाही! आजपासून सगळेच कच्चं लिंबू!”

“मग शोधणार कोण, बाई?” झिपरीने विचारलं.

“शोधायचं कशाला? सगळे लपा. सगळे जिंकलात!”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. असा नियम त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. मग जी आरोळी उठली म्हणता! धूळ उडाली, शेपट्या दिसल्या, शेपट्या दिसेनाशा झाल्या. मैदान मोकळं.

फक्त गोटू राहिला.

“तू का नाही लपलास, बाळ?”

“माझ्यावर डाव आहे, बाई.”

“आता नाही. मी काढून टाकला.”

“तुमच्यावर नव्हता, बाई. तुम्ही कसा काढाल?”

बाईंनी त्याला भावनांच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. तिथे पानं मांडली होती. दुःखाला पिवळं, रागाला तांबडं, आनंदाला हिरवं.

“तुला काय होतंय, ते पान उचल.”

“मला डाव द्यायचाय.”

“असं पान नाही,” बाई म्हणाल्या. “नीट शोध. सापडेपर्यंत उठायचं नाही.”

गोटू बसला. दुपार कलली. शाळेत इतकी शांतता बाईंनी कधी अनुभवली नव्हती. त्यांनी गुरुजींना अहवाल वाचून दाखवला. “आज शाळेत एकही भांडण नाही. कुणी कुणाला चिडवलं नाही. कुणी रडलं नाही. शाळेत कुणीच नाही.”

गुरुजींची मान हलली.

ऊन उतरलं तशा पोरांना न्यायला आया आल्या. डुकरीणकाकू सगळ्यांच्या पुढे.

“बाई, पोरं कुठायत?”

“लपलीत.”

“आणि शोधणारा?”

“शोधणारा नाही. तसा नियमच आहे.”

“अहो, मग ती सापडायची कशी?”

बाईंनी आठवून पाहिलं. प्रशिक्षणात हा भाग झाला नव्हता.

आया हाका मारत सुटल्या. “या रे! कंदमुळं आणलीत!” झुडपांतून खुसुखुसू आवाज आला, पण पोर एक बाहेर येईना. येतील कशी? जो आधी बाहेर येईल त्याच्यावर डाव येणार. नियम बाईंनी बदलला होता, पोरांनी नव्हता.

बाई मैदानावरून घिरट्या घालू लागल्या. “घाबरू नका! कुणीही घाबरू नका!” ते ऐकून सगळं जंगल घाबरलं. दोन माकडं झाडावरून पडली. एक अस्वल पोळं तिथेच टाकून पळालं, आणि त्या पोळ्यातल्या माश्या त्याच्याही पुढे पळाल्या.

इकडे सूर्य टेकडीला टेकला. अंधार पडला की त्या जंगलात वाघ निघायचा. वाघाला शोधायला शिकवावं लागत नाही. आयांचे आवाज चिरकू लागले.

“मी शोधतो,” कोपऱ्यातून गोटू म्हणाला.

“नाही हं, बाळ!” बाई ओरडल्या. “तू आधीच दुखावलेला आहेस!”

त्याच वेळी गोटूची आई पोहोचली. सगळ्यांच्या शेवटी. तीही बैलगाडीच. तिने काय झालं ते ऐकून घेतलं आणि पोरापुढे उभी राहिली.

“काल मी हाक मारली होती का रे?”

“नाही.”

“डाव कुणाचा?”

“माझा.”

“मग बसलास काय? जा, फेड.”

“अहो, पण त्याने अजून पान उचललेलं नाही!” बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. पानं गवेगुरुजींनी खाल्ली होती.

गोटू भोज्यापाशी गेला. त्याने डोळे मिटले आणि आकडे म्हणू लागला. “अरे, डोळे काय मिटतोस? अंधार पडतोय!” डुकरीणकाकू कळवळली. गोटूने एकही आकडा गाळला नाही. मग नाक जमिनीला लावून निघाला. चाल तीच, बैलगाडीची.

पहिला हश्या सापडला. भीतीने हसत होता, लांबूनसुद्धा ऐकू येत होतं. डुकराची पोरं एकाच खड्ड्यात ढीग करून पडली होती. टोची काटेरी झुडपात शिरली होती. काट्यांत काटे काही दिसेनात. पण नाकाला काटे मोजावे लागत नाहीत.

“टोची! बोरीच्या जाळीत!”

एकेक पोर बाहेर येई, आई त्याला आधी चाटी आणि मग एक धपाटा घाली. अशी सगळी सापडली. राहिली झिपरी. गोटू हुंगत हुंगत भोज्यापाशी परत आला.

“तिकडे बघ! वर! मो...” डुकरीणकाकूला राहवेना.

“सांगायचं नाही, काकू,” गोटू म्हणाला. “असं फिटत नाही.”

झिपरी मोहाच्याच खोडावरून उलटी खाली येत होती. अगदी गोटूच्या पाठीमागे. हात उगारलेला. तिने धप्पा घातला की डाव पुन्हा गोटूवरच. पुन्हा आकडे, पुन्हा सगळी पोरं रानात, आणि टेकडीवर आता नुसती लाली उरली होती. टिटवीबाई गप्प झाल्या. प्रशिक्षणाचा खर्च तिथे वसूल झाला.

गोटूच्या मागे साल खरवडली. चेंडू व्हावंसं वाटलं. फार वाटलं. पण चेंडूला नाक बाहेर ठेवता येत नाही.

त्याने चेंडू केला नाही. नाक वर केलं.

“झिपरी,” तो म्हणाला. “मोहावर. माझ्या मागे.”

झिपरीचा हात हवेतच राहिला. मग ती खाली उतरली. शेपटी झटकली.

“फिटला,” ती म्हणाली.

तात्पर्य : पोरांवर कधीही डाव येऊ देऊ नये. ती लपून बसतात, आणि मोठ्या माणसांना घरात छान शांतता मिळते.