चव्वेचाळिसावं घड्याळ

एकच घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच घड्याळकाकांनी ठरवलं होतं. त्रेचाळीस तर बंद केली होती. चव्वेचाळिसाव्याने काय आभाळ कोसळणार होतं?

काकांची लेक सात महिन्यांनी घरी आली होती, तीही दोनच दिवसांसाठी. पाठीवर गिटार आणि सोबत रेकॉर्डिंगवाल्या बाई. लेकीचा पहिला अल्बम करायचा होता. आठ गाणी, शब्द तिचे, चाली तिच्या. स्टुडिओत आपला आवाज पाहुण्यासारखा अवघडून बसतो, म्हणून ती घरी आली होती.

"बाकीचे वाजवणारे कधी येणार?" काकांनी विचारलं. त्यांनी शेजारून सहा खुर्च्या मागून आणल्या होत्या.

"कुणी नाही, बाबा. मी आणि गिटार."

"तबला?"

"नाही."

"पेटी?"

"नाही हो. जे आहे तेवढंच ऐकू यायला हवं. वरून काही चढवायचं नाही."

काकांनी पाच खुर्च्या परत नेऊन दिल्या. सहावी ठेवली (स्वतःसाठी).

बाई खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या. "काका, हे काय वाजतंय?"

"कुठे काय?" काका म्हणाले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला टिकटिक ऐकू येत नाही. चारही भिंतींवर गिऱ्हाइकांची घड्याळं होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

"सगळी बंद करा."

काकांनी एकेका लंबकाला बोट लावलं, झोपणाऱ्या पोराच्या कपाळाला लावावं तसं. घर इतकं शांत झालं की त्यांना स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू आली.

राहिलं एक. बायकोच्या उशाशी असायचं ते, हिरव्या रंगाचं, गजराचं. ते लंगडायचं. टिक-टक, मग किंचित अडखळून पुढचं टिक.

"अहो, सगळ्या जगाची घड्याळं नीट करता आणि माझ्या उशाशी हे लंगडं!" ती म्हणायची.

"उद्या करतो," काका म्हणायचे.

असे उद्या अकरा वर्षं चालले. मग एक दिवस तीच राहिली नाही. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून काका रोज सकाळी त्याला किल्ली देत आले. थांबवलं आणि पुन्हा किल्ली दिली तर ते चालेल, हे काकांइतकं कुणाला ठाऊक? पण घरात तिने सोडलं होतं तसं चालू असलेलं तेवढं एकच उरलं होतं.

म्हणून त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं. (डबा पत्र्याचा. पत्र्यात आवाज घुमतो, हे न सुचायला चाळीस वर्षांचा अनुभव लागतो.)

बाईंनी कानांवर हेडफोन चढवले. लेकीने पहिली ओळ म्हटली. बाईंनी हात वर केला.

"टिकटिक येतेय."

नळ घट्ट बंद केला. फ्रिज बंद केला. बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून अंगणात ठेवलं. काका सर्वांत जोमाने शोधत होते. "पलंगाखाली नाही!" ते ओरडत होते. "छत्रीतही नाही!"

"छत्रीत कशाला असेल, बाबा?"

शोध स्वयंपाकघराकडे वळला, तसे काका आधी धावले. घड्याळ डब्यातून काढून स्वेटरच्या आत पोटाशी धरलं आणि मुकाट सहाव्या खुर्चीवर येऊन बसले.

बाई माइक हातात घेऊन खोलीभर फिरल्या. काकांजवळ थांबल्या.

"इथे आवाज वाढतोय."

"वय झालं, बाई. काळीज आहे ते."

बाईंनी माइक खाली आणला. "काळीज पोटात आहे तुमचं?"

तेवढ्यात काकांच्या पोटात गजर झाला. बायकोने चार वाजताच्या चहासाठी लावून ठेवलेला. काकांना तो इतका सवयीचा, की विसरलेच होते. खणखणाटाने स्वेटर थरथरला आणि गळ्यातून पिठाचा लोट उडून काकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या (आधीच होत्या, पण आता पूर्ण).

बाई हसून हसून खाली बसल्या. लेकही हसली. मग स्वेटरमधून काय निघालं ते तिने पाहिलं.

"आईचं?" ती हळू म्हणाली. "अजून चालतंय?"

"किल्ली देतो रोज."

मग काकांनीच मागचं झाकण उघडलं आणि आतल्या चाकाला चिमट्याचं टोक लावलं. टिकटिक थांबली.

"गा आता," ते म्हणाले.

लेक गायली. एकही चूक नाही. पाढे म्हणावेत तसं. बाईंनी तीनदा गाऊन घेतलं आणि हेडफोन उतरवले.

"तुझ्या गाण्यात एक अडखळ असते बघ. ओळीच्या शेवटी पाय उंबऱ्याला लागावा तशी. त्यासाठीच मी एवढ्या लांब आले. ती कुठे गेली?"

लेक घड्याळाकडे बघत राहिली. लहानपणी ती आईच्या कुशीत झोपायची, आणि कानाशी हेच लंगडत असायचं.

"बाबा, सुरू करा ते."

काकांनी किल्ली दिली. घड्याळ गप्प. हलवलं. गप्प. काकांच्या कपाळाला घाम आला. "पीठ गेलंय आत," ते म्हणाले. त्यांनी बारीक कुंचला घेतला. लेकीने त्यांचं मनगट खालून धरून ठेवलं. एकेक कण निघाला. काकांनी चाकावर फुंकर घातली.

टिक-टक. थोडं थांबून, टिक.

घड्याळ माइकजवळ ठेवलं आणि लेक गायली. बाईंनी डोळे मिटले. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. नाक वाहत होतं, पण ओढलं तर रेकॉर्ड होईल, म्हणून त्यांनी आठही गाणी ते तसंच वाहू दिलं.

दुसऱ्या दिवशी लेक गेली. भिंतीवरची घड्याळं सुरू करायला दोन दिवस काकांचा हात उठला नाही.

अल्बम आला तेव्हा काकांनी तो दुकानात लावला. घड्याळ घरी उशाशी होतं, तरी त्याची टिकटिक ऐकायला ते स्पीकरला कान लावून बसले. भिंतीचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलेले एक मास्तर समोर उभे होते. तेही दोन गाणी ऐकत राहिले.

"गळा फार गोड आहे हो. पण मागे कुठलं तरी घड्याळ लंगडतंय."

"हो."

"कुणाच्या घरचं?"

"माझ्याच," काका अभिमानाने म्हणाले.

मास्तरांनी थोडा विचार केला. "मग नीट का नाही करत?"

"उद्या करतो," काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मास्तरांनी आपलं घड्याळ हलकेच उचलून काखेत धरलं. "बरं. मग मीही उद्याच येतो," ते म्हणाले.

त्याला आता तीन आठवडे झाले.