तिसरं खोकं

२०२३ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी माझ्या चुलतभावाने माझ्या चहावर बंदूक रोखली.

घाबरू नका. बंदूक तापमान मोजायची होती. चाप ओढला की लाल ठिपका पडतो आणि मागच्या काचेवर आकडा येतो. बबनने महाडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला, तिथून ही सवय लागली. "बासष्ट हाय दादा, फुंकून पी," असं म्हणून तो पुढच्या घरात गेला आणि तिथल्या भाकरीवर बंदूक धरली. माझी म्हैस झाली, पाण्याची टाकी झाली, ग्रामसभेत चिडलेल्या सरपंचांचं कपाळही झालं. "चौतीसच हाय," बबन सगळ्यांना म्हणाला, "सरपंच नुसतेच ओरडतायत, आतून गार हायत."

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. निवृत्त झाल्यावर बबन बिरवाडीची भाड्याची खोली सोडून वर आला, तो एकटाच. बायको त्याची कधीच गेली. मुलगा रोशन. त्याला बबनने स्वतःच्या कारखान्यात चिकटवला होता. पोरगा तीन महिन्यांत ती नोकरी सोडून मुंबईला पळाला. तेव्हा बबन रागाने बोलून गेला, "परत तोंड दाखवू नको." रोशन बापासारखाच हट्टी. त्याने ते अक्षरशः पाळलं. तीन वर्षं झाली होती. वाडीत तो विषय कोणी काढत नसे.

बबनला बसता येत नाही. जेवतो तो उंबऱ्यात उभा राहून, ताट हातात. बोलता बोलता माझ्या अंगणाला चार फेऱ्या मारतो. मी ओरडतो, "बबन्या, खुंट्याला बांधू का तुला?" तर म्हणतो, "बस म्हणू नको रे दादा. बसलो की डोकं तापतं."

असा माणूस एका गोष्टीसमोर मात्र दोन दोन तास बसायचा. ती म्हणजे कॉम्प्युटर. बिरवाडीहून जीपमध्ये गोधडीत गुंडाळून आणलेला. मी विचारलं, "हा कशाला?" म्हणाला, "खाली लय गरम होतो. इथली हवा गार हाय, फुकटची."

त्यात एक खेळ होता. ट्रक चालवायचा. दर रविवारी चार वाजता वीसेक ट्रक ओळीने निघायचे. कुठले कुठले लोक, आपापल्या घरात बसलेले. बबनही निघायचा, पण त्याचं चित्र अडकायचं आणि ट्रक मागे पडायचा. शेवटी त्या लोकांनी पडद्यावर लिहून कळवलं: मशीन सुधारा, नाहीतर महिनाअखेर तुम्हाला ओळीतून काढावं लागेल. बबन तीन दिवस नीट जेवला नाही.

"अरे, साठीचा तू! खऱ्या रस्त्यावर खरे ट्रक जातात, ते बघ की," मी म्हणालो.

"तुला नाय कळायचं, दादा. ती ओळ सुटता कामा नये."

मग प्रोसेसरचं वेड लागलं. म्हणजे आधीपासून होतंच, अकरा महिने चाललं होतं, आता उतू गेलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा जीव, बिस्किटाएवढा. त्याच्यावर कंपनी एक वेग ठरवून देते. काही प्रोसेसरांना त्या वेगाचं कुलूपच असतं, पुढे पळवता येत नाहीत. काही बिनकुलपाचे असतात. ते आणखी पळवायचे, फक्त तापू द्यायचे नाहीत. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बबन म्हणायचा, "अजून पळंल." हे त्याचं पालुपद. प्रोसेसर असो, रिक्षा असो, माझी म्हैस असो. "अजून पळंल रे, दादा."

कंपन्या दोन. एकीचं खोकं निळं, एकीचं लाल. सोमवारी बबन निळ्या बाजूचा असायचा, गुरुवारी लाल. प्रोसेसरची ताकद म्हणे धाग्यांत मोजतात. भरल्या अंगणात मला विचारायचा, "सोळा धागे घेऊ का चोवीस?" मी म्हणायचो, "गोधडी शिवायची असेल तर चोवीस घे." एकदा घाईत मागवला तो कुलूपवाला निघाला, परत पाठवला. एकदा प्रोसेसर बरोबर ठरला, पण खालचा बोर्ड वेग वाढवू देणारा नाही असं कळलं. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी ठरला. आणि मग तो माझ्याकडे आला.

"दादा, महाडला चल. एकाच जातीचे असले तरी सगळे सारखे पळत नायत. एक जास्त पळतो, एक आधीच तापतो. वरून दिसत नाय. नशिबाचा भाग हाय. निवड तू कर."

आता हे सांगायला हवं. मी तिसरीतून शाळा सोडली, पण या खोऱ्यात पन्नास वर्षं कुठल्याही घरी बैल घ्यायचा असला की मला नेत. दात, खूर, वशिंड, अंगावरचा भोवरा. मी घेतलेला बैल चढणीला बसला असं सांगणारा माणूस नाही. तेव्हा "मला यातलं कळत नाही" हे वाक्य माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. म्हणालो, "चल."

महाडच्या दुकानदाराने त्याच जातीची चार खोकी काचेवर मांडली. चष्मेवाला, पोक्त माणूस. "काका, सगळे सीलबंद आहेत. काही फरक नाही."

मी खोकं उचललं. हलकं. ना दात, ना खूर. बबन माझ्याभोवती फिरत होता. त्याने चारही खोक्यांवर बंदूक धरून घेतली, चारही तीस.

मग मला बाजार आठवला. बैल कळत नसला तर व्यापारी बघायचा. तो ज्याच्या पाठीवर हात ठेवतो, जो पुढे सारतो, तो घ्यायचा नाही. ज्याच्याकडे त्याचं लक्ष नाही, तो घ्यायचा. दुकानदार पहिलं खोकं सारखं पुढे करत होता. दुसऱ्यावर त्याची टिचकी पडत होती. चौथ्यावर कोपर टेकलेलं. तिसऱ्याकडे तो बघतही नव्हता.

"हे तिसरं द्या," मी म्हणालो.

"पण का?" दुकानदार.

"चाल चांगली आहे."

बबनने ते खोकं शर्टाच्या आत घातलं आणि एसटीत पोलादपूरपर्यंत तो उभाच होता. सीट रिकामी असून.

वाडीत बातमी फिरली. धोंडू, जो माझ्या बैलांवर जन्मभर जळत आला, तो माझ्या अंगणात येऊन बोलला, "दादा, आता यंत्राचेपण दात मोजता काय? नाय पळला तर?"

"पळणार. मी निवडलाय."

"बघू की," धोंडू म्हणाला, आणि वाडीभर सांगत सुटला.

शनिवारी बबनने तो बसवला. वर पंखा एवढा, की खेकडा पाय पसरून बसल्यासारखा. खिडकी घाटाकडे उघडी, वारा थेट आत. बबन एकेक पायरी वेग वाढवत गेला. दोनदा पडदा काळा झाला. तिसऱ्यांदा टिकला. बंदूक धरली. बहात्तर. हलेना.

"पळतोय! दादा, पळतोय! अजून पळंल!"

मी बाहेर येऊन मिशीवरून हात फिरवला. बघायला कोणी नव्हतं, तरी फिरवला.

रविवारी चार वाजता मी हट्टाने बबनशेजारी बसलो. तो हेडफोन कानाला लावून ऐकायचा, मी म्हटलं, "मला पण ऐकव, बैल माझा आहे." त्याने नाइलाजाने स्पीकर लावला. ट्रक निघाले. बबनचा ट्रक ओळीत, पुढून तिसरा, लोण्यासारखा. माणसांचे आवाज येत होते, हसत होते. आणि त्यातला एक म्हणाला, "चला रे, आज घाट मारायचा हाय."

तो आवाज मी ओळखला. त्याला मी खांद्यावर बसवून दासगावला सावित्रीचा पूर दाखवायला नेलं होतं.

"बबन्या, हा रोशन?"

बबनने मान हलवली. नजर रस्त्यावर.

"त्याला ठाऊक आहे तू आहेस?"

"नाय. मी नाव दुसरं लावलंय. माईक काढून टाकलाय. त्याचाच कॉम्प्युटर हाय हा, मागे टाकून गेला. चालू केला तर यात ही ओळ सापडली."

अर्धा तास ट्रक चालले. रोशन जेवणाबद्दल बोलला, खोलीबद्दल बोलला, कोणाची तरी थट्टा केली. बबन चुळबुळत होता. मला वाटलं, खूष असेल. ट्रक एकदाही मागे पडला नव्हता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आज त्याने हाक मारली नाय."

"कसली हाक?"

"मी मागे पडलो का तो सगळ्यांना थांबवायचा. 'थांबा रे, मागच्याला येऊ दे.' दर रविवारी चार-पाच वेळा. बाकीचे काढा म्हणत होते मला, यानेच महिनाअखेरची मुदत मागून घेतली. आता मी मागेच नाय. मग तो कशाला बोलंल माझ्याशी?"

त्याने ट्रक कडेला लावला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, वेग ठरवायच्या निळ्या पडद्यावर गेला, आणि अकरा महिने झुरून मिळवलेला वेग बोटाने एकेक पायरी खाली आणू लागला.

"अरे, काढतील ना ओळीतून!"

"तेवढा नाय कमी करत. काढायला नको, पण थांबायला तर लागलं पाहिजे. मधला आकडा शोधतो."

तीन वेळा केलं त्याने ते. तिसऱ्यांदा ट्रक ओळीला जाऊन मिळाला, थोडा वेळ चालला, आणि चढणीवर हळूहळू मागे पडला. पुढचे लाल दिवे लांब गेले. बबन स्पीकरकडे वाकला. मीही.

"थांबा रे," स्पीकरमधून आवाज आला, "मागच्याला येऊ दे."

पुढचे दिवे थांबले. बबनने बंदूक उचलली, स्पीकरवर धरली, चाप ओढला. आकडा बघितला. मला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची किटली घेऊन जीपच्या थांब्यावर गेलो. सगळी वाडी तिथेच असते त्या वेळी. बबनही होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. धोंडूने मला बघितलं आणि मोठ्याने विचारलं,

"काय दादा, पळतो का तिसऱ्या खोक्यातला?"

सगळे माझ्याकडे वळले. बबनने मान खाली घातली.

"नाय रे धोंडू," मी म्हणालो. "मागंच राहतो. माझी निवड चुकली."