परत येणारा डबा

मास्तरांनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर करून टाकलं, की होणाऱ्या नातवंडासाठी दुकानातलं एकही खेळणं घरात येणार नाही. सगळी खेळणी ते स्वतः करणार, आणि तीही चालणारी, पळणारी, पोहणारी. सेल नाही, किल्ली नाही. फक्त रबरबँड.

"बाळ यायला अजून अवकाश आहे," त्यांच्या बायकोनं आठवण करून दिली.

"म्हणूनच आत्तापासून हात चालवला पाहिजे," मास्तर म्हणाले.

उभा जन्म शाळेत भूमिती शिकवण्यात गेलेला माणूस. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे शेवटी फळ्यासमोर उभं राहायची तयारी ठेवावी लागे. बाई दूध तापवायला गेल्या.

घरातले रबरबँड बेपत्ता व्हायला लागले. कोथिंबिरीच्या जुडीचा गेला, औषधाच्या पुडीचा गेला, एक दिवस बाईंच्या वेणीचाही गेला. दोऱ्याच्या रिकाम्या रिळातून रबर ओवून, एका बाजूला मेणबत्तीची चकती आणि पेन्सिल अडकवून मास्तरांनी रणगाडा केला. तो इतका सावकाश जाई की गोगलगायसुद्धा त्याला मागे टाकून पुढे वाट बघत बसली असती, पण वाटेतली चप्पल मात्र चढून पलीकडे उतरे. मग थर्माकोलची होडी झाली, मागे गरगर फिरणारं वल्हं असलेली. ती भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीतून साबणाचे फुगे उडवत सुटली. एक जमलं की मास्तरांना पुढचं खुणावायचं. रबर जाड घेतला तर? पीळ उलटा दिला तर?

इकडे घरही विकायला काढलं होतं. मुलगी दुसऱ्या गावी, तिच्याजवळ जाऊन राहायचा बेत होता. पण घर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे माणसं जिन्यातच घाम पुसत परत जात. शेवटी औषधाच्या दुकानाचे मालक आणि त्यांची बायको रविवारी येतो म्हणाले.

"आज तेवढं एक ऐका," बाई म्हणाल्या. "ती माणसं असेपर्यंत एकही खेळणं बाहेर काढू नका."

मास्तरांनी कबूल केलं, आणि मनापासून केलं. पण नेमका त्याच सकाळी त्यांचा परत येणारा डबा तयार झाला होता. पावडरचा पत्र्याचा डबा. झाकणापासून तळापर्यंत आतून ताणलेला रबर आणि रबराच्या मधोमध लोंबणारा एक जड नट. डबा घरंगळायला लागला की नट लोंबता राहतो, त्यामुळे रबराला पीळ बसतो. डबा थांबला की पीळ सुटतो आणि स्वारी आपल्या पायांनी घरी येते. येताना तो जरा धापा टाकत येई. मास्तरांनी त्याचा दोष रबराला दिला.

पाहुणे आले. घर उजेडाचं आहे, हवेशीर आहे असं म्हणत म्हणत बाई त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मास्तर बैठकीच्या खोलीत एकटे उरले. एकदाच, अगदी हळू, म्हणून त्यांनी डबा ढकलला.

तो कसला हळू जातोय. दार ओलांडून सरळ स्वयंपाकघरात घुसला आणि दुकानदारीणबाईंच्या मागे जाऊन थांबला. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा एक पावडरचा डबा कुणी हात न लावता जागचा हलला आणि गंभीरपणे बाहेर निघून गेला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "या घराला उतार आहे."

"इमारत खचतेय की काय?" दुकानदारांच्या कपाळावर आठी पडली.

मास्तर धावतच आत आले. "छे छे, उतार कसला? त्यात रबर आहे."

"कशात?"

"डब्यात."

"डब्यात रबर कशाला?"

"बाळासाठी."

"कुठल्या बाळासाठी?"

"ते अजून यायचंय."

दुकानदार आपल्या बायकोच्या थोडे जवळ सरकून उभे राहिले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

आता भूमितीच्या मास्तरांपुढे एकच वाट होती. सिद्ध करून दाखवायचं. त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत आणलं, झाकण उघडलं, रबर काढला, नट काढला आणि रिकामा डबा सर्वांना आतून दाखवला, जादूगार टोपी दाखवतो तसा. मग झाकण लावून तो जमिनीवर आडवा ठेवला.

"आता यात काही नाही. आता हा जागचा हलणार नाही."

डब्याने क्षणभर विचार केला. मग तो स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाला. आधी नाइलाजानं, मग उत्साहानं. दारातून आत गेला आणि फ्रिजच्या पायावर टण्णकन आपटला.

मास्तरांनी जाऊन डबा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही म्हणालात तो उतार नव्हताच," मास्तर शेवटी दुकानदारीणबाईंना म्हणाले. "उतार त्याच्या बरोबर उलट आहे."

"म्हणजे माझी लिंबं," बाई हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं लिंबं घरंगळतात म्हणून सांगतेय, तर म्हणे तू नीट ठेवत नाहीस."

तेवढ्यात दुकानदारांनी खिशातून गोळ्यांची बाटली काढून भिंतीशी आडवी ठेवली. तीही फ्रिजकडे गेली. मग मास्तरांनी पेन्सिल सोडली, दुकानदारीणबाईंनी बांगडी सोडली, आणि थोड्याच वेळात चौघंही जमिनीवर ओणवे होऊन उतार नेमका कुठे सुरू होतो ते शोधत होते. फ्रिज सरकवला तर मागे पेनांची टोपणं, वाळून खडा झालेले मटार, मुलीच्या लहानपणीचा एक निळा मणी. तो मणी बाईंनी पदराला पुसला आणि मुठीत धरून ठेवला.

"मास्तर, राग मानू नका," दुकानदार गुडघे झटकत उठले. "घर काही आम्हाला नको. पण तो डबा कसा करायचा, तेवढं नीट दाखवा."

चहा दोनदा झाला. पाहुणे नट आणि रबर घेऊन खुशीत गेले. घर होतं तिथेच राहिलं, जरासं कलतं.

संध्याकाळी मास्तरांनी मुलीला फोन करून पडेल आवाजात सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मी स्वयंपाकघराच्या दारात बसून बैठकीत चेंडू सोडायचे. थोडा वर जायचा आणि आपोआप परत यायचा. मला खेळायला दुसरं कुणी लागायचंच नाही."

ज्या कामासाठी मास्तरांनी घरभरचे रबर गोळा केले होते, ते ही फरशी वर्षानुवर्षं फुकटात करत होती.

"ऐकताय ना बाबा?"

"दाराच्या डाव्या बाजूला बसायचीस की उजव्या?" मास्तरांनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी फोन तसाच खुर्चीवर ठेवला आणि टोपलीतलं एक लिंबू उचललं.

बाईंनी फोन कानाला लावला. "बोल गं," त्या म्हणाल्या. "ते आता जेवायलाच उठतील."